नाताळची सुटी की नाताळचा खाडा?

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळचे साडेसहा वाजले होते. मैदानावर दव असं पडलं होतं, की पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या बुटांचे ठसे गवतावर मोजता यावेत. मी ऑफिसच्या खोलीत हजेरीपट घेऊन बसलो होतो. आमचे माळीकाका दाराशी आले, हातातला पाइप खाली ठेवला आणि म्हणाले, "सर, पंचवीस तारखेले मले सुटी पाह्यजे. नाताळ हाये."

"घ्या ना काका, त्यात काय विचारायचं?" मी म्हटलं.

ते हलले नाहीत. जरा थांबून म्हणाले, "रोजी भेटन, का खाडा लागन?"

तालुक्याच्या या क्रीडा मंडळाचा मी अकरा वर्षं सचिव आहे आणि या साध्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काका ख्रिस्ती आहेत, हे मला ठाऊक होतं. पोळ्याला, दिवाळीला ते मैदान सांभाळतात म्हणून आम्ही बिनघोर घरी बसतो, हेही ठाऊक होतं. पण त्यांच्या सणाचा दिवस हजेरीपटात कोणत्या खुणेनं लिहायचा, हे मंडळाच्या एकाही बैठकीत ठरलेलं नव्हतं. त्यानंतर मी कायदा वाचला, इतर मंडळांच्या लोकांशी बोललो, बाहेरच्या देशांत काय चालतं ते समजून घेतलं. विदर्भातल्या गावोगावच्या मंडळांत, आखाड्यांत, जिममध्ये हाच प्रश्न दर डिसेंबरात दाराशी येऊन उभा राहतो, म्हणून हे लिहितो आहे.

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. सुटी, रजा आणि खाडा हे तिन्ही आपण एकमेकांच्या जागी वापरतो. सुटी म्हणजे संस्थेनं आधी जाहीर केलेला दिवस. त्या दिवशी काम नाही, पण पैसे आहेत. रजा कामगाराच्या खात्यात असते, ती त्यानं मागायची आणि आपण मंजूर करायची. खाडा म्हणजे माणूस आला नाही आणि त्या दिवसाची रोजी गेली. आता एखाद्या मंडळानं २५ डिसेंबरला फाटकाला कुलूप लावलं, बाहेर "नाताळनिमित्त बंद" अशी पाटी लावली आणि महिन्याच्या शेवटी रोजंदारीवाल्याचा एक दिवस कापला, तर सुटी सभासदांना मिळाली. कामगाराचा पडला तो खाडाच, आणि तोही त्यानं न मागितलेला. ग्रामीण भागातल्या बहुतेक मंडळांत आज हेच चालतं. कोणाच्या मनात खोट असते म्हणून नव्हे, तर कोणी कधी विचारच केलेला नसतो म्हणून.

असं का झालं, त्याचं कारण आपल्या मंडळांच्या जन्मात आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झालं आणि १९३६ मध्ये त्याच्या खेळाडूंनी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. वऱ्हाडातल्या किती तरी व्यायामशाळा त्याच प्रेरणेतून उभ्या राहिल्या. तिथली माणसं सेवा म्हणून यायची. माती खणायची, तेल-हळद आणायची, पोरांना मल्लखांबावर चढवायची आणि घरी जायची. सेवेकरी स्वतःच्या मनाचा मालक असतो, त्याला सुटी कोणी देत नाही. पुढे मंडळांकडे मैदानं आली, जिमची यंत्रं आली, त्यांच्यासोबत माळी आला, चौकीदार आला, झाडणाऱ्या मावशी आल्या, पगारी प्रशिक्षक आले. माणसं पगारी झाली, पण वहिवाट सेवेचीच राहिली. "आपल्याच मंडळाचं काम आहे" या वाक्यावर कित्येक रविवार आणि सण निघून गेले. हे वाक्य मीही म्हटलं आहे, आणि आता ते म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रेक्षकाला सुटी, म्हणून मैदानाला काम

जिथे नाताळ हा सगळ्यांत मोठा सण आहे तिथे तरी मैदानावरच्या माणसांना सुटी असेल, असा माझा समज होता. तो पार खोटा निघाला.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चक्क २५ डिसेंबरला फुटबॉलचे सामने व्हायचे. गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांना वर्षात मोजक्याच दिवशी मोकळीक असे आणि त्या दिवशी ते हजारोंनी मैदानावर येत. सकाळी सामना बघायचा आणि दुपारी घरी जेवायला जायचं. प्रेक्षक चालत येऊ शकतील म्हणून बरेचदा जवळजवळच्या गावांचे संघ समोरासमोर ठेवत. पुढे त्या दिवशी रेल्वे-बस मिळेनाशा झाल्या, लोकांनाही घरी राहावंसं वाटू लागलं आणि ही प्रथा विरली. २५ डिसेंबरला लीगचे सगळे सामने भरले असं शेवटचं वर्ष १९५७. ब्लॅकपूल आणि ब्लॅकबर्न यांच्यातला १९६५ चा सामना तिथला त्या दिवसाचा शेवटचा ठरला. पण दुसऱ्या दिवशीचे, म्हणजे २६ डिसेंबरचे सामने टिकून राहिले. तिकडे त्या दिवसाला 'बॉक्सिंग डे' म्हणतात. मुष्टियुद्धाशी त्याचा संबंध नाही. नोकरचाकरांना, गरिबांना भेटीच्या पेट्या देण्याच्या जुन्या प्रथेवरून ते नाव पडल्याचं सांगतात.

मेलबर्नचा बॉक्सिंग डे कसोटी सामना तर आपल्याकडे पोरंसोरं पहाटे उठून बघतात. १९८० पासून तो जवळपास दरवर्षी होतो. २०१३ साली २६ डिसेंबरला तिथे ९१,११२ प्रेक्षक होते. २०२० च्या सामन्यात अजिंक्य रहाणेनं शतक काढलं आणि भारत जिंकला, ते सगळ्यांना आठवत असेल. आपल्याकडच्या वलनीच्या कोळसा खाणीच्या वस्तीत वाढलेला उमेश यादव त्या सामन्यात होता आणि दुसऱ्या डावात जायबंदी होऊन बाहेर गेला. आता जरा उलट्या बाजूनं विचार करा. २६ च्या सकाळी कसोटीचा पहिला चेंडू पडायचा असेल, तर २५ ला ती खेळपट्टी कोणी तरी जपलीच पाहिजे. नव्वद हजार माणसं येणार म्हणजे आदल्या दिवशी खुर्च्या पुसणारा, संडास धुणारा आणि फाटकावरचा माणूस घरी बसून केक खात नसतो.

सगळा तिढा असा आहे. खेळ हा लोकांच्या मोकळ्या वेळेचा धंदा आहे. लोक मोकळे होतात तेव्हा मैदान भरतं, आणि मैदान भरतं तेव्हा त्यावर राबणारा अडकतो. आपल्या जत्रेतला पाळणेवाला स्वतः जत्रा बघतो का? तसंच हे आहे.

जर्मनीत मात्र मोठी लीग डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास थांबते आणि जानेवारीत पुन्हा सुरू होते. कारण मुख्यतः थंडीचं, पण त्यामुळे सण आपोआप मोकळा राहतो. इंग्लंडमध्ये खेळ थांबत नाही, आणि कायद्यानं सणाच्या दिवशी घरी राहण्याचा आपोआप हक्कही मिळत नाही. तिथे वर्षाला ५.६ आठवड्यांची पगारी रजा असते. आठवड्यातून पाच दिवस काम करणाऱ्याला ती २८ दिवस पडते. सार्वजनिक सुट्या मालक त्यातच मोजू शकतो. तो असंही सांगू शकतो की नाताळात क्लब बंद आहे, म्हणून तेवढे दिवस तुमच्या रजेतून वजा होतील. फक्त त्याची सूचना रजेच्या दुप्पट दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे पाच दिवसांसाठी दहा दिवस आधी. तिथला पुष्कळ माणूस सणाला घरी असतो तो करारामुळे आणि आधी ठरवण्यामुळे. मला यातली 'आधी ठरवणं' ही गोष्ट उचलावीशी वाटली.

आपल्याकडे तर हा ऐन हंगाम

विदर्भात डिसेंबरचा शेवटचा आठवडा खेळासाठी वर्षातला सगळ्यांत चांगला. पाऊस नाही, ऊन मऊ, सोयाबीन घरात येऊन विकलं गेलेलं, त्यामुळे लोकांच्या हाती थोडा पैसा. गावोगावी टेनिस बॉल क्रिकेटचे सामने, कबड्डीचे सामने, शाळांची क्रीडा संमेलनं आणि शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, याच दिवसांत भरतात. मोठ्या क्रिकेटचंही तसंच. विदर्भानं रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला तो अंतिम सामना २९ डिसेंबर २०१७ ला इंदूरमध्ये सुरू झाला. रजनीश गुरबानीनं दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली आणि १ जानेवारी २०१८ ला आपण नऊ गडी राखून जिंकलो. नाताळ ते नवं वर्ष हा सगळा आठवडा त्या संघाचे आणि त्यांच्यामागे राबणाऱ्या माणसांचे डोळे मैदानावर होते.

म्हणून "नाताळात आठवडाभर मंडळ बंद ठेवा" असं इथे म्हणणं खुळेपणाचं होईल. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना नाताळची लांब सुटी नसते, ती मिशनच्या आणि कॉन्व्हेंट शाळांना असते. २५ डिसेंबर ही राज्यात सार्वजनिक सुटी आहे, बँका आणि सरकारी कार्यालयं बंद असतात. पण खाजगी संस्थेच्या माळ्याला ती यादी आपोआप लागू होत नाही. पुष्कळ लोकांचा इथे गैरसमज होतो. कॅलेंडरमध्ये तारीख लाल आहे म्हणजे सुटी असं ते धरून चालतात.

कायदा काय म्हणतो, आणि कुठे थांबतो

महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापना यांच्यासाठी २०१७ चा कायदा आहे. 'आस्थापना' म्हटलं की आपल्याला कापडाचं दुकान आठवतं. पण या कायद्याच्या व्याख्येत नोंदणीकृत संस्था आणि ट्रस्टसुद्धा येतात. काही व्यवसाय किंवा त्याला जोडून काम चालवत असले म्हणजे झालं, नफा मिळवण्याचा हेतू असो वा नसो. फी घेऊन जिम चालवणाऱ्या मंडळानं "आम्ही धर्मादाय आहोत" म्हणून हात झटकू नयेत.

या कायद्यात कामगाराला वर्षाला आठ पगारी सणसुट्या आहेत. त्यातल्या चार ठरलेल्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसांत ठरवायच्या आहेत. नाताळाची जागा या चारांत आहे. म्हणजे कायदा नाताळची सुटी देत नाही आणि नाकारतही नाही. एका टेबलाशी बसून ठरवा, एवढंच तो सांगतो. ठरलेल्या सुटीच्या दिवशी कामावर बोलावलं, तर त्या दिवसाची दुप्पट मजुरी आणि वर दुसऱ्या दिवशी बदली सुटी द्यावी लागते. दोन्ही, दोहोंपैकी एक नव्हे. "दुप्पट देतो, सुटी विसरा" असं चालत नाही.

शिवाय आठवड्यातून सलग २४ तासांची साप्ताहिक सुटी, वर्षाला आठ किरकोळ रजा, आणि २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस हक्काची रजा. हक्काची रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते, किरकोळ रजा मात्र वर्ष संपलं की जळते. नाताळाशी या शेवटच्या गोष्टीचा थेट संबंध आहे. वर्षभर "आता नको, स्पर्धा आहे" असं ऐकत राहिलेल्या चौकीदाराच्या पाच-सहा किरकोळ रजा ३१ डिसेंबरला मरणार असतात, आणि डिसेंबरातच त्याला सांगितलं जातं की हंगाम आहे, कोणालाच रजा नाही. त्यामुळे ऑक्टोबरात, दिवाळीच्या आसपास, प्रत्येकाच्या किती रजा उरल्या ते त्याला तोंडी नव्हे तर कागदावर दाखवावं.

आता कायदा थांबतो ती जागा. मूळ कायद्यात हे सगळं दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतं. २०२५ मध्ये राज्य सरकारनं ही मर्यादा वीसवर नेली. तालुक्याच्या कोणत्या मंडळात वीस पगारी माणसं असतात? आमच्याकडे पाच आहेत. म्हणजे जिथे माणूस सगळ्यांत एकटा आहे, तिथूनच कायदा मागे सरकला. मला हे पटत नाही. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. लहान मंडळात माळ्याला नाताळची सुटी मिळेल की नाही, हे पूर्णपणे अध्यक्ष-सचिवांच्या हातात आहे. त्यांना कोणी निरीक्षक विचारायला येणार नाही. म्हणून कायदा लागू नसला तरी त्याचा नमुना उचलावा, असं माझं म्हणणं आहे. आठ सुट्या, त्यातल्या चार बसून ठरवलेल्या, आणि सगळ्या पगारी.

खरंच काय थांबवता येत नाही?

सुटीचा विषय निघाला की समितीतला एक तरी माणूस म्हणतो, "मैदानाला सुटी नसते." हे वाक्य ऐकायला भारी वाटतं, पण तपासून बघितलं तर अर्धंच खरं आहे.

पाण्याचंच घ्या. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. डिसेंबरात नागपूर-अमरावतीकडे रात्रीचा पारा बारा-तेरा अंशांच्या आसपास असतो, कधी एक आकडीही होतो. त्या थंडीत हरळीची वाढ मंदावते आणि पाण्याची गरज कमी होते. २४ ला नीट भिजवलेलं मैदान २५ ला एक दिवस कोरडं राहिलं तर त्याचं काहीही बिघडत नाही. उन्हाळ्यात, मे महिन्यात, ही मुभा नसते. नाताळ सुदैवानं थंडीत येतो.

मातीच्या खेळपट्टीची गोष्ट वेगळी. काळ्या मातीत अशी चिकणमाती असते, जी ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगा पडतात. म्हणून सामन्याआधी तिला भिजवायचं, थोडी वाळली की रोलर फिरवायचा, पुन्हा भिजवायचं, पुन्हा फिरवायचा. हे काम आठवडाभर चालतं आणि मधला दिवस चुकला तर फटका बसतो. २७ ला चेंडू पडणार असेल, तर २५ ला रोलर हवाच. याचं उत्तर वेळापत्रकात आहे. मातीच्या खेळपट्टीवरची स्पर्धा २२ ला संपवा किंवा ३ जानेवारीनंतर सुरू करा. गावातले बहुतेक सामने सिमेंटच्या पट्टीवर मॅट टाकून होतात, तिथे तर हा प्रश्नच नाही. मॅट अंथरायला चार पोरं पुरतात.

विजेचा एक तिढा आहे, तो शहरातल्या माणसाला कळायचा नाही. मैदान गावाबाहेर शेताला लागून असेल आणि बोअरची मोटर शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतपंपांच्या वेगळ्या वीजवाहिनीवर असेल, तर मोटरीला लागणारी थ्री फेज वीज पाळीपाळीनं येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात माळी मध्यरात्री मोटर सुरू करायला येतो. नाताळचा आठवडा रात्रपाळीचा असेल, तर "२५ ला सुटी दिली" म्हणून भागत नाही, २४ ची रात्रही मोकळी करावी लागते.

आणि इथेच गेल्या वर्षी आमची चूक झाली. काकांना २५ ची पगारी सुटी दिली, हजेरीपटात लाल शाईनं 'सुटी' लिहिलं, मला बरं वाटलं. पण २४ ला कबड्डीचा उपांत्य सामना होता. दिवे बंद करून, मॅट गुंडाळून, चुन्याच्या गोण्या आत ठेवून काका निघाले तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. त्यांचं चर्च परतवाड्याकडे. रात्रीची उपासना कधीच सुरू झाली होती, एसटी नव्हती, आणि ते सकाळच्या पहिल्या गाडीनं गेले. ख्रिस्ती घरात सण २४ च्या संध्याकाळीच सुरू होतो, हे मला माहीत असायला हवं होतं. अचलपूर, चिखलदरा, यवतमाळजवळची उमरी, नागपूर, कुठेही विचारा, २४ ची रात्रीची प्रार्थना, गाणी म्हणत घरोघरी जाणारी मंडळी, २५ ची सकाळची उपासना, आणि पुष्कळ ठिकाणी ३१ च्या रात्री वर्षअखेरची उपासनाही असते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रात्री अकरापर्यंत राबवून घेऊन कोणी आपल्याला "उद्या पाडव्याची सुटी आहे ना" असं सांगितलं, तर कसं वाटेल? काका काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

खरोखर न थांबणारं काम एकच, ते म्हणजे राखण. जिममध्ये लाखभराची यंत्रं असतात, मोटर असते, केबल असते. तिथे एका चौकीदाराला सणाची रात्र मोकळी द्यायची तर दुसरा माणूस लागतो. आमच्या समितीत सात जण आहेत. प्रत्येकानं वर्षातून एक रात्र शेकोटी करून मैदानावर काढली, तर सात रात्री निघतात. सेवेचा वारसा सांगायचाच असेल, तर तो इथे सांगावा.

कोणाला, किती

मग सगळ्यांनाच २५ ला सुटी द्यावी का? मला वाटतं, ज्याच्या घरी नाताळ आहे त्याला २४ ची दुपार ते २५ ची रात्र, काही झालं तरी. स्पर्धा असो, पाहुणे आमदार असोत. बाकीच्यांना त्यांच्या सणाला तेवढीच भक्कम मोकळीक. ईदला चौकीदारभाऊंना, पोळ्याला ज्यांच्या घरी बैल आहेत त्यांना. ही अदलाबदल आपल्याकडे तोंडी चालतच आली आहे, दिवाळीत तू घरी जा, नाताळात मी जातो. तोंडी असल्यामुळे ती दुबळ्या माणसाच्या बाजूनं कधी तरी मोडते, एवढाच तिचा दोष आहे.

झाडणाऱ्या मावशींचा हिशेब आणखी निराळा. डिसेंबरात त्या पहाटे मंडळ झाडतात आणि नंतर कापूस वेचायला जातात. तिथे किलोवर मजुरी मिळते. त्यांना "नाताळची सुटी घ्या" म्हटलं तर त्या विचारतात, "काहून? माहा कोणता सण हाये?" त्यांना तो दिवस फेब्रुवारीत, वेचणी संपल्यावर, लेकीच्या गावी जाण्यासाठी हवा असतो. सुटी देताना आपल्या मनातला दिवस त्यांच्यावर लादू नये. दिवस त्यांनी सांगावा, पैसे आपण द्यावेत.

जिमच्या प्रशिक्षकाला सणापेक्षा विसावा महत्त्वाचा. १ जानेवारीला नवे सभासद येतात, गर्दी होते, महिनाभर त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्याआधीचे दोन-तीन दिवस तो मोकळा राहिला तर उत्तम. भरतीच्या पोरांचे पालक घाबरतात, की सराव बुडेल. चार दिवस धावलं नाही म्हणून सोळाशे मीटरचा दम जात नाही, उलट दुखरी पोटरी बरी होते.

पैसा कुठून आणायचा

धरून चालू की मंडळात पाच माणसं आहेत आणि रोजी चारशे रुपये. आपसांत ठरवलेल्या चार सुट्यांचा खर्च पाच गुणिले चार गुणिले चारशे, म्हणजे वर्षाला आठ हजार. राष्ट्रीय चार दिवस धरले तर सोळा हजार. आता याच मंडळाच्या टेनिस बॉल स्पर्धेत बत्तीस संघ आले आणि प्रवेश फी पंधराशे असेल, तर अठ्ठेचाळीस हजार जमतात. त्यातून ट्रॉफ्या, मंडप, स्पीकर, पाहुण्यांचे हार-शाल हे सगळं निघतं. हारांच्या आणि शालींच्या रकमेत एका माणसाच्या वर्षभराच्या सणसुट्या बसतात, हे मी आमच्या ताळेबंदावरून सांगतो. प्रत्येक संघामागे पन्नास रुपये 'मैदान कर्मचारी निधी' म्हणून वेगळे काढले, तर सोळाशे होतात, म्हणजे स्पर्धेच्या सुटीच्या दिवशी थांबलेल्या चार माणसांची वरची रोजी.

ठेकेदाराकडून माणसं घेतली असतील, तर ठरावातच लिहावं की सुटीच्या दिवसाचे पैसे त्या माणसाच्या हाती पडतील. नाही तर मंडळ पैसे देतं आणि माणसाला खाडाच लागतो. मी हे एका ठिकाणी डोळ्यांनी बघितलं आहे.

या वर्षी आम्ही डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पाचही जणांना बोलावून बसलो. पुढच्या वर्षाचा एक कागद केला. वर चार राष्ट्रीय दिवस. खाली चार रकाने. पहिल्या तीन रकान्यांवर लवकर एकमत झालं: १४ एप्रिल, पोळा, लक्ष्मीपूजन. चौथा रकाना कोरा ठेवला, त्यात ज्यानं त्यानं आपल्या घरचा दिवस स्वतःच्या हातानं लिहायचा. चौकीदारभाऊंनी रमजान ईद लिहिली. काकांनी पेन घेतला, 'नाताळ' लिहिलं, थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात जोडलं, '२४ ची संध्याकाळ पण'. मी त्यावर सही केली. कागद कपाटाच्या दारावर चिकटवला आहे. मावशींचा रकाना अजून रिकामा आहे, वेचणी कधी संपते ते बघून सांगते म्हणाल्या.